सौनात शेकलेलं गिरमिट

शनिवारी सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या खोलीत, अंग शेकून बाहेर पडताना तौनोने एक छोटासा निर्णय घेतला. तळ्याच्या बर्फात भोक पाडायचं गिरमिट नेहमीसारखं पडवीत न ठेवता रात्रभर इथेच, तापलेल्या दगडांशेजारच्या बाकावर ठेवायचं. जे माणसाला मानवतं ते लोखंडाला का मानवू नये, असा त्याचा सरळ हिशेब. (तौनोचे हिशेब नेहमी सरळच असत. उत्तरं तेवढी चुकत.)

कारण मात्र गंभीर होतं. सासरे आर्मस खिडकीशी खाट टाकून शेवटचे दिवस काढत होते. नर्सने तौनोच्या बायकोला, सिर्काला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आठवडाही धरू नका. सिर्काने वडिलांचा काळा कोट इस्त्री करून दारामागे अडकवलाही होता. म्हाताऱ्याने अन्न सोडलं होतं. शुक्रवारी फक्त एकदा तोंड उघडून ते म्हणाले होते, "मातिकाचं कालवण. कलेजीसकट."

मातिका म्हणजे तळाशी राहणारा बुळबुळीत, कुरूप मासा. फेब्रुवारीच्या कडाक्यात तो अंड्यांनी भरतो आणि म्हाताऱ्यांना त्याची स्वप्नं पडतात. तो आणण्याचं तौनोने आपणहून अंगावर घेतलं, आणि त्यात त्याचा स्वार्थ होता. एकतीस वर्षांत सासऱ्यांनी त्याला चांगलं म्हटलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी त्याला खालून वर न्याहाळून ते म्हणाले होते, "उंच आहे. छपरावरचा बर्फ काढायला होईल." त्या एका प्रशस्तिपत्रावर बिचाऱ्याने तीन दशकं ढकलली होती. आता म्हातारा डोळे मिटण्याआधी त्याच्या तोंडून एक धड शब्द ऐकायचा होता. नाहीतर तो कायमचाच राहणार होता.

रविवारी सकाळी तो निघाला तेव्हा आर्मसनी एक डोळा उघडला.

"जावईबापू, गिरमिट रात्री कुठं होतं?"

"पडवीत," तौनो म्हणाला.

"बरं. उबेला नेऊ नका. लोखंड थंडच हवं. भोक पाडलंत की झटका आणि पुसून कोरडं करा. नाहीतर त्याच भोकात पाण्यात उभं ठेवा. पाण्याला थोडी तरी माया असते, वाऱ्याला नसते."

एवढ्यानेच त्यांना धाप लागली. मग त्यांनी हाताने चाचपून दुर्बीण जवळ ओढली. तळ्यावर कोण काय पकडतं यावर साठ वर्षं पहारा ठेवलेली दुर्बीण होती ती. तौनोने घाईघाईने दार ओढून घेतलं.

बाहेर उणे चोवीस होतं. सौनातलं कोमट गिरमिट त्याने घोंगडीत गुंडाळून तळ्यावर नेलं, घोंगडी काढली आणि दोरी सोडवेपर्यंत बर्फावर आडवं ठेवलं. गरम पात्यांखाली बर्फ वितळला, पात्यांवर पाणी चढलं आणि बघता बघता दगड झालं. तौनोने गिरमिट उभं करून गरागरा फिरवलं. ते तळ्याला नुसतं कुरवाळत राहिलं.

पन्नास पावलांवर लेम्पी बसली होती, उलट्या बादलीवर. सत्तरी उलटलेली विधवा. तिचं गिरमिट तिने पाडलेल्या भोकात पाण्यात उभं होतं.

"तौनो, सौनात ठेवलं होतंस का रे?"

"छे! पातीच बोथट आहेत."

ती बोथट नव्हती, पण पुढच्या मिनिटाला झाली, कारण बर्फ झडावा म्हणून तौनोने गिरमिट तळ्यावर दाणदाण आपटलं. पात्याचा एक तुकडा टिंग करून उडाला. मग त्याने थर्मासमधली कॉफी पात्यांवर ओतली. क्षणभर पाती लखलखली. तौनोने खिडकीकडे बघून विजयाने हात हलवला. हात खाली येईपर्यंत पात्यांवर तपकिरी बर्फ चढला होता. त्याने उरलेली कॉफीही ओतली. (दुसऱ्यांदा वेगळं काही होईल असं त्याला का वाटलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.) शेवटी त्याने कोटाची बटणं काढून गिरमिट छातीशी धरलं आणि तसाच, डोळे मिटून, थरथरत उभा राहिला.

"मेला आता हा," म्हणत लेम्पी उठली. तिने आपल्या बादलीखालून एक जाडजूड मातिका काढून त्याच्या हातात दिला. "घे. आर्मसना दे. तूच पकडलास म्हण. मरत्या माणसाला तेवढंच समाधान."

तौनो घराकडे धावला. वाटेत त्याने वाक्य चार वेळा घोकलं.

"बाबा!" तो दारातूनच ओरडला. "मातिका! मी पकडला, स्वतः!"

चुलीवर बटाटे उकळत होते. सिर्का खाटेशी बसली होती. दुर्बीण आर्मसांच्या छातीवर पडली होती आणि त्यांचं तोंड हसताना उघडं राहिलं होतं.

"आत्ताच," सिर्का म्हणाली.

तौनोच्या हातून मासा खाली पडला. त्याला रडू कोसळलं, आणि त्याचंच त्याला नवल वाटलं. ज्या टोमण्यांना तो एकतीस वर्षं कंटाळला होता, ते उद्यापासून कुणीच मारणार नव्हतं.

"त्रास झाला का गं फार?"

"हसत होते रे! 'सिर्का, बघ, कॉफी पाजतोय. बघ, आता मिठी मारतोय.' डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"बोलले. म्हणाले, 'हा घरात आला नसता, तर मी कंटाळून केव्हाच मेलो असतो.'"

तौनो खुर्चीत बसला. त्याने बाहीला नाक पुसलं. शब्द जरा वाकडा होता, पण होता त्याचाच. एकतीस वर्षांनी मिळाला होता.

"म्हणजे हेच त्यांचं शेवटचं बोलणं?"

सिर्काने मासा उचलला, धुतला आणि फळीवर ठेवला.

"नाही. शेवटचं म्हणाले, 'मासा लेम्पीचा आहे. त्याला म्हणावं, मीच पकडला असं सांगत येऊ नको. तेही त्याला जमत नाही.'"