तीन थापा, दोन खोकले

दामूअण्णांबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही ताडलंच असणार: वरून काटे, आतून फणसाचे गरे. थांबा की. गऱ्यांआधी चीक असतो.

बावन्न-त्रेपन्न साल असेल. मी मॅट्रिकला आपटून अंबरनाथच्या एका कारखान्यात चिकटलो होतो. आमच्याच चाळीतले आणि त्याच कारखान्यातले दामूअण्णा स्वतःच्या घराचं दार तीनदा वाजवायचे, दोनदा खोकायचे आणि म्हणायचे, "मीच आहे, दामू." मगच काकू कडी काढायच्या, एरवी दार कायम बंद. बायकोवरसुद्धा भरवसा नाही, असं आख्खी चाळ म्हणायची. पेढा दिला तरी अण्णा विचारणार, "कशाबद्दल? खरं सांग." मी त्यांची नक्कल केली की निर्वासितांच्या कॅम्पातून येणारा सिंधी चहावाला म्हणायचा, "साईं, एक बार और."

त्या वर्षी कारखान्याच्या साहेबानं गणपत फिटरला कामावरून काढलं. कामगारांचं ठरलं, होळीच्या संध्याकाळी साहेबाच्या बंगल्यासमोर बोंब मारायची. शिमग्याची बोंब, कोण काय बोलणार?

बंगल्याच्या फाटकात अण्णा आडवे.

"कारखान्याच्या गेटवर घसे फोडा, मी पुढं उभा राहतो. इथं त्याची बायकापोरं आहेत. त्यांनी काढलं का गणपतला?"

"अण्णा, माझी चूल थंड पडलीय," गणपत म्हणाला. "ती काय गेटवर मांडलीय?"

अण्णा फाटकातून हलले नाहीत.

"साहेबानं काय चारलंय याला?" मागून कुणीतरी पुटपुटलं. झालं. मोर्चा वळला तो थेट अण्णांच्या दारात. अण्णा तिकडं फाटक राखतायत, इकडं मी पुढं. तीन थापा, दोन खोकले. "मीच आहे, दामू."

कडी निघाली. चाळीस जणांनी बोंब ठोकली.

काकूंच्या हातात अण्णांसाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो पडला. त्या कानांवर हात दाबून उंबऱ्यातच बसल्या. बोंब विझत गेली. सगळ्यात आधी गणपतची.

त्या दिवशी आईनं हाणलेल्या दोन थपडा परवडल्या. अण्णा दुसऱ्या दिवशी आले, तेही आवाज न चढवता.

"मागच्या संपात मी पुढारी होतो. मी घरी नसताना मालकाचे गुंड दारात येऊन ओरडायचे. तेव्हापासून ती कुणाला दार उघडत नाही. म्हणून ही खूण ठरवली. तुझी नक्कल हुबेहूब आहे हं. काल रात्री मी तासभर बाहेर उभा होतो. आता मीच आलोय हे तिला कसं पटवू? तूच सांग, माझ्या आवाजात."