पोपट सरांचं तिकीट

"नमस्कार पोपट सर," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आणि नवनाथ भोईरचं डोकंच फिरलं.

"पोपट माझे वडील. मी नवनाथ!"

"पण खात्यात नाव भोईर, मधलं नवनाथ आणि आडनाव पोपट असं दिसतंय, सर."

नवनाथने कपाळावर हात मारला. आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, असं कशेळ्याच्या शाळेत मास्तरांनी घोटून घेतलं होतं. विमान कंपनीचा सभासद होताना त्याने त्याच सवयीने नाव घातलं होतं.

खालापूरच्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथली पॅकिंगची मशीनं देशभर विकली जात आणि देशभर बंद पडत. ती दुरुस्त करायला नवनाथ आज कोईमतूरला, तर परवा इंदूरला उडे. दर फेरीचे मैल खात्यात जमत. "मैल कशाला साठवतोस रं? आंघोळ कर की," असं त्याची आई अंबाबाई म्हणायची. पण त्याच मैलांवर त्याने बायकोला, सुरेखाला, शब्द दिला होता: दोघांनी विमानाने जयपूरला जायचं, फुकटात. बिचारीने लग्न झाल्यापासून म्हशीचं दूध काढलं होतं आणि नवऱ्याने आणलेल्या साबणाच्या वड्यांवरूनच हॉटेलं ओळखली होती. आता महिनाअखेरीला मैल बाद होणार होते, आणि सुरेखाचं गावभर सांगून झालं होतं.

"ओळखपत्राशी नाव जुळायला हवं, सर. दुरुस्ती एकदाच करता येते."

"मग करा ना बाई! पुढचं मागे गेलंय. उलटं करा की झालं!"

इथेच माशी शिंकली.

"केलं, सर. पोपट नवनाथ भोईर. धन्यवाद."

फोन ठेवल्यावर नवनाथने ते नाव पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. भोईरांकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्याचे आजोबाही नवनाथच. म्हणजे पोपट नवनाथ भोईर नावाचा धडधाकट माणूस या क्षणी ओटीवर तंबाखू मळत बसला होता.

त्याने पुन्हा फोन लावला, विनवण्या केल्या, आवाज चढवला. मुलीचा गोडवा तसूभरही कमी झाला नाही. "आता बदल होणार नाही, सर. पोपट सर स्वतः प्रवास करणार असतील तरच तिकीट निघेल. सोबत त्यांना एक माणूस नेता येईल."

नवनाथ ओटीवर गेला आणि दात-ओठ खात सगळं सांगितलं.

"मंजे हे मैल माजे?" पोपटरावांनी विचारलं.

"माझेच! फक्त नावावर तुमच्या."

"ज्याच्या नावावर, त्याचंच असतंय. तुज्या चुलत्याला इचार."

चुलत्याशी चाललेलं जमिनीचं जुनं भांडण नवनाथला आता उकरायचं नव्हतं. "बरं. सोबत मी येतो."

"तू तर सारका उडतोस. अंबे, तू येतेस?"

"मी नाय बा," आतून आवाज आला. "मला यष्टीतच मळमळतंय."

"मग सुरेखा यील."

सुरेखा दाराआड उभीच होती. "तुमी म्हनाल तसं, बाबा," ती खाली मान घालून म्हणाली.

"अगं, आपलं दोघांचं ठरलं होतं ना!" नवनाथ कळवळला.

"तुमचं नाव नाय ना त्यात. आनि मैल बाद व्हनार, असं तुमीच बोल्लात."

ती बॅग भरायला गेली. नवनाथने जयपूरसाठी काढलेली रजा म्हशीच्या नावे झाली.

म्हैस सुरेखाच्या हाताची. नवनाथला तिने पहिल्याच दिवशी लाथ घातली. शेवटी अंबाबाईने तोडगा काढला. "सुरेखाचं लुगडं गुंडाळ अंगाला. वास आला की देल दूध."

कर्जतच्या कॉलेजात शिकलेला, हॉटेलवाले ज्याला दारात सलाम ठोकत तो इंजिनिअर बायकोचं लुगडं नेसून म्हशीखाली बसला. तेवढ्यात सुरेखाचा निरोप आला. "बाबांनी खिडकी मला दिली. हाटेलात दोघांना दोन खोल्या भेटल्यात. त्यांनी सगळे साबन बॅगेत भरलेत. म्हशीला पेंड घाला."

कुंपणावरून शेजारचा पोशा डोकावला. त्याने आधी लुगडं पाहिलं, मग नवनाथला.

"काय रं नवनाथ, पोपट झाला वाटतं?"

"झाला नाय," नवनाथ करवादला. "उडाला!"