हिच्या चेहऱ्यावर उजेड कमी पडतोय

हौशी नाटक समाजाला एकत्र आणतं आणि एकत्र आलेल्या समाजापैकी निम्म्याला अंधारात उभं करतं. या निम्म्यांना तांत्रिक स्वयंसेवक म्हणतात.

आमच्या नाट्यमंडळाचा मी कार्यवाह आहे, तेव्हा जे सांगतो ते अधिकृत समजावं. स्वयंसेवकांसाठी आम्ही जाहिरात देत नाही. आमची पद्धत सोपी आणि निर्दोष आहे: तालमीला आलेल्या माणसाला जी उणीव दिसेल, ती त्याच्याच गळ्यात घालायची. दार करकरतं म्हणणारा वकील आता सुतारकाम बघतो. आवाज ऐकू येत नाही म्हणणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांकडे ध्वनी आहे. (त्यांना मुळातच कमी ऐकू येतं हे नंतर कळलं, पण नेमणूक झाली होती.) या पद्धतीमुळे मंडळातल्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. स्वयंसेवकांच्या समाधानाची आम्ही पाहणीही केली. शंभरातले नव्वद समाधानी आढळले. उरलेले दहा शिडीवर होते, त्यांना विचारता आलं नाही.

गणवेश काळा. स्वयंसेवक प्रेक्षकांना दिसू नये हा हेतू. शेवटी आभार मानताना तो आम्हालाही दिसत नाही, हा जादा फायदा.

माझे साडू दंतवैद्य. बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, तालमीहून घरी न्यायला ते एकदा आले, मागच्या खुर्चीत टेकले आणि भाबडेपणाने म्हणाले, "हिच्या चेहऱ्यावर जरा उजेड कमी पडतोय का?"

तेव्हापासून प्रकाशयोजना त्यांच्याकडे आहे.

प्रकाशाची खोली सभागृहाच्या मागे, वर. तिथून रंगमंच दिसतो, पण बघायचं असतं संहितेकडे आणि बटणांकडे. त्यामुळे बायकोच्या अभिनयातले साडूंना फक्त वाक्यांचे शेवटचे शब्द माहीत होते, कारण त्यांवर बटण दाबायचं असतं.

यंदा मेव्हणीला पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली. प्रयोग एकच. साडूंनी रजेचा अर्ज मला त्यांच्या दवाखान्यात, माझा दात कोरता कोरता सादर केला. "यंदा मला समोर बसून बघायचंय हिला. एकदाच." मंडळाचे निर्णय चर्चेने होतात, हा एक माझं तोंड उघडं असताना झाला.

बदली म्हणून बँकेतले रोखपाल नेमले. (प्रकाशाच्या खोलीत फार उकडतं, असं ते बोलून गेले होते.) साडूंनी त्यांना महिनाभर शिकवलं आणि प्रयोगाला पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. मेव्हणीने पडद्याच्या फटीतून तो शर्ट दोनदा बघून घेतला.

पहिला अंक छान झाला. साडू हसले, मग डोळे पुसत बसले. समोरून नाटक बघायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या अंकात मेव्हणीचं मोठं स्वगत. ती पुढे आली, दिवे मंदावले आणि तिच्यासाठीचा एकमेव झोत शेजारच्या कुंडीवर पडला. कुंडीने प्रसंग संयमाने निभावला. मेव्हणी अंधारात बोलत राहिली. वर रोखपाल संहितेत पान शोधत होते. लोक खोकू लागले. साडूंनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले, रंगमंचाकडे एकदा नीट पाहिलं, आणि वाकून धावत सुटले.

थोड्याच वेळात झोत तिच्या चेहऱ्यावर आला. लोकांचं खोकणं थांबलं. स्वगत संपल्यावर टाळ्या थांबेनात. साडू मान खाली घालून पुढच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. मला खरंच वाईट वाटलं.

प्रयोगानंतर ते रंगपटात आले.

"बघायचं राहिलं," ते म्हणाले.

"उजेड आला तेव्हाच कळलं, खुर्ची सोडलीत म्हणून," मेव्हणी म्हणाली. "चला आता, जेवायचे आहात अजून."

बाहेर रसिकांनी मला गाठलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, ती कुंडी मधेच का उजळली? मेव्हणीच्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला त्यांचा राग आला.

तुम्ही मात्र तसे नाही. तुम्ही सगळं लक्षपूर्वक वाचलंत: शिडी, बटणं, कुंडी, शर्टाचा रंग. मेव्हणी कोणाची भूमिका करत होती आणि त्या स्वगतात काय बोलत होती, एवढं सांगायचं मी विसरलो. तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही.