मागच्या दाराने

"या सणाला तू खुर्चीवरून एकदाही उठायचं नाहीस," असं वेळापत्रकवाल्यांनी बायकोला सांगितलं, आणि गॅलरीत उभं राहून सांगितलं. शेजाऱ्यांच्याही कानावर जावं, हा त्यातला हेतू होता.

ते बस आगारात वेळापत्रकं लिहायचे. कोणती गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, ड्रायव्हरने चहा कधी प्यायचा, हे सगळं गेली सतरा वर्षं त्यांच्या निळ्या पेनातून उतरत होतं. गाड्या त्याप्रमाणे सुटत नसत, पण तो दोष गाड्यांचा, असं त्यांचं ठाम मत होतं. सगळं आगार त्यांना वेळापत्रकवाले म्हणायचं, आणि ते समोर नसले की घरातही तेच नाव चालायचं.

झालं होतं असं, की गेल्या सणाला त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीने एक उद्योग केला. जेवताना आई किती वेळा उठते ते तिने मोजलं. मीठ हवं, आई उठली. पाणी संपलं, आई उठली. भात निवला, पुन्हा आईच उठली. हात धुवायच्या आधी मुलीने सगळ्या पाहुण्यांसमोर आकडा जाहीर केला, तेवीस. त्यातले चौदा एकट्या बाबांसाठी, हेही सांगून टाकलं. सगळे गेल्यावर चार वाजता तिने आपलं गार झालेलं ताट घेतलं आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवली. ते दृश्य वेळापत्रकवाल्यांच्या मनात वर्षभर रुतून बसलं होतं. माणूस बढाईखोर होता, पण दगड नव्हता.

"म्हणजे बाहेर जेवायला जायचं?" बायकोने विचारलं.

"माझ्या हॉटेलात."

त्यांचं हॉटेल म्हणजे आगाराच्या मागच्या गल्लीतलं. दर गुरुवारी दुपारी ते तिथे जेवायचे. आगाराचं मागचं फाटक आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराचं दार अगदी समोरासमोर. पहिल्या दिवशी ते चुकून त्या दाराने आत शिरले, आणि पुढची पंधरा वर्षं तो त्यांनी आपला हक्कच करून टाकला. पुढच्या दाराने गिऱ्हाईक येतं, आपण घरचे, असं ते म्हणायचे. मालक भिडस्त. त्यांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

"टेबल सांगून ठेवलंय ना? सणाला गर्दी असते."

"मला टेबल सांगून ठेवावं लागत नाही."

खरं तर त्याच आठवड्यात मालक त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले होते. "साहेब, सणाच्या दिवशी आपल्याकडे जरा..." इतकं म्हणालेही होते. पण सूप आणि भात यांच्यामध्ये नेमकी किती मिनिटं जावीत, हे साहेब तेव्हा त्यांना समजावून सांगत होते. मालकांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि दुसऱ्या टेबलावरून हाक आली तशी सुटका झाल्यासारखे निघून गेले.

सणाच्या सकाळी वेळापत्रकवाल्यांनी कोरा कागद घेतला. बारा चाळीसला प्रस्थान. एक वाजता स्थानापन्न. एक दहाला सूप, एक पस्तीसला जेवण, दोन पंधराला गोड. सगळ्यात खाली लाल शाईने त्यांनी लिहिलं, "सौ. उठणार नाहीत." कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बायको-मुलीला घेऊन ते वेळेवर निघाले. आयुष्यात त्यांची एवढी एकच गाडी वेळेवर सुटली.

मागच्या दाराने ते आत गेले. चुलीवर मोठमोठी पातेली होती, पण नेहमीचा आचारी कुठे दिसत नव्हता. एक बाई तेवढी डाव हातात घेऊन उभी होती. अंगावर ठेवणीतले कपडे, गळ्यात दागिने आणि वरून एप्रन. यांना बघून ती आधी दचकली, मग तिचा चेहरा उजळला.

"आलात? या, या. पण असे मागून?"

"आम्ही नेहमी मागूनच येतो. आम्हाला मानपान लागत नाही."

"किती साधी माणसं," ती म्हणाली आणि घाईघाईने एप्रनला हात पुसू लागली. एवढं अगत्य वेळापत्रकवाल्यांना या हॉटेलात कधी अनुभवायला मिळालं नव्हतं. सणासाठी मालकांनी नवी बाई ठेवली असणार, त्यांनी ताडलं.

"तुम्ही नवीन दिसता," ते मायेने म्हणाले. "हरकत नाही, शिकाल."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. पण तोवर ते पुढे गेले होते.

हॉल बघून ते खूश झाले. सगळी टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल केलं होतं, मधोमध फुलं होती, पंधरा-वीस माणसं नटूनथटून बसली होती. टोकाला गादी घातलेली एक रुंद खुर्ची रिकामी होती. वेळापत्रकवाल्यांनी बायकोला थेट तिथेच नेऊन बसवलं.

"अहो, ही कोणासाठी तरी ठेवलेली दिसतेय."

"तुझ्यासाठीच."

बायको अंग चोरून बसली. मग गादीच्या मऊपणाने असेल, तिने पाठ टेकली. लग्नानंतर तिने पाठ टेकून सणाचं जेवण जेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

वेळापत्रकवाल्यांच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी आपण दातांचे डॉक्टर असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही इथले जुने दिसता?"

"पंधरा वर्षं झाली. घरच्यासारखाच म्हणा."

"मग मालकांचं सांगा की जरा. माणूस कसा आहे?" डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

आपलं मत कोणी विचारलं की वेळापत्रकवाल्यांची कळी खुलायची. "माणूस सोन्यासारखा. पण हात आखडता. तोंडाने 'घ्या, घ्या' म्हणतील आणि वाढतील चमचाभर. आणि दिलेल्या शब्दाचा काही भरवसा नाही. दहा मिनिटं सांगतात, पाऊण तास लावतात."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. "आणि मुलगी?"

समोर त्यांची स्वतःची मुलगी पावाचे तुकडे करत बसली होती. डॉक्टर अगत्याने तिची चौकशी करताहेत, असं त्यांना वाटलं. "मुलीचं काय सांगू तुम्हाला? हुशार आहे, पण हट्टी. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. आणि घरातलं सगळं चारचौघांत जाहीर करायची भारी हौस."

डॉक्टरांनी हातातला पाव हळूच खाली ठेवला आणि पलीकडे बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

सूप एक बावीसला आलं, म्हणजे बारा मिनिटं उशिरा, आणि वर कोमट. वेळापत्रकवाल्यांनी मघाच्या बाईंना बोलावलं. "हे परत न्या. आणि हा कागद बघा, म्हणजे पुढचं तरी नीट होईल."

बाईंनी कागद वाचला. लाल शाईची ओळ दोनदा वाचली. कागद तसाच धरून त्या आत गेल्या, आणि लगेच आतून एक पुरुषी आवाज आला, "लेखी दिलंय त्यांनी? ताई, हे तर आत्तापासूनच सुरू झालं."

थोड्या वेळाने एक पोक्त बाई ओशाळत बायकोपाशी आली. "वहिनी, आचारी सकाळपासून आलाच नाही बघा. तुम्ही जरा दोन मिनिटं आत येता का?"

वीस वर्षांची सवय. बायको अर्धी उठलीसुद्धा. वेळापत्रकवाल्यांनी झटकन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही आज उठणार नाही. मी शब्द दिलाय."

टेबलावरची कुजबूज बंद झाली. बायको लाजेने लाल झाली, पण बसली. तेवढ्यात तिच्यापुढे गरम सूप आलं, वाफाळतं, आणि ते निवायच्या आत तिला कोणी हाक मारली नाही. तिने सावकाश एकेक चमचा प्यायला सुरुवात केली.

पावाला कंटाळून मुलगी पुढच्या दारापर्यंत चक्कर मारून आली. येताना तिचा चेहरा बाबांना आवडला नाही. तेवीसचा आकडा जाहीर करतानाही तो असाच होता.

"बाबा, बाहेर दारावर पाटी आहे."

"असेल. हॉटेल आहे."

"'घरगुती कार्यामुळे आज हॉटेल बंद आहे.' असं लिहिलंय. बाहेर विचारलं, तर मालकांच्या मुलीचं लग्न ठरतंय म्हणे. दोन्हीकडची माणसं आज पहिल्यांदाच भेटताहेत."

वेळापत्रकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी टेबलावरून नजर फिरवली. कोणाच्याच हातात मेनूकार्ड नव्हतं. मधोमध एक तरुण घामाघूम होऊन बसला होता, त्याच्यासमोर एक तरुणी डोळे टिपत होती. शेजारचे डॉक्टर त्या तरुणाच्या कानाशी लागले होते, आणि दोघांची नाकं तंतोतंत सारखी होती. सूप परत नेणारी ती नवीन बाई आतून आली आणि रडणाऱ्या तरुणीच्या पाठीवरून तिने हात फिरवला. आपण कोणाला 'शिकाल' म्हणालो, हे उमगताच वेळापत्रकवाल्यांचे कान तापले.

ते वाकून बायकोच्या कानात म्हणाले, "ऊठ."

"का?"

"आपल्याला जायचंय. आत्ताच्या आत्ता. मागच्या दाराने."

"अजून गोड यायचंय. दोन पंधराला."

"अगं, हे हॉटेल नाही. म्हणजे हॉटेल आहे, पण आज कोणाचं तरी घर आहे. तिथे मुलीची आई सूप वाढतेय आणि मी तिला..."

"मग तर उठणं बरं दिसणार नाही," बायको म्हणाली. तिच्या आवाजात कधी नव्हे तो निवांतपणा होता. "आणि मी उठायचं नाही, असं तुम्हीच साऱ्या गावाला ऐकवलंय."

इतक्यात डॉक्टर उभे राहिले. "मला वाटतं, आम्हाला जरा विचार करावा लागेल."

त्या तरुणीचा मामा हातात तो कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता. "विचार आम्हालाही करावा लागेल. आमची मुलगी काही जड झालेली नाही."

तरुणी उठून आत पळाली. तरुण उठला, त्याची खुर्ची पडली. एका वाटी सुपापायी दोन जिवांचं ठरत आलेलं लग्न वेळापत्रकवाल्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होतं. आणि नेमकं त्याच वेळी पुढचं दार उघडलं. मुलाच्या आजीला आणायला गेलेले मालक त्यांना हाताला धरून आत आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आणि गादीच्या खुर्चीवर कोण बसलंय ते पाहून ते जागीच थिजले.

"साहेब? तुम्ही?"

"मालक, तुमच्या या भावाने आम्हाला सगळं सांगितलंय," डॉक्टर म्हणाले.

"आमचे भाऊ?" मामा ओरडला. "हे तर तुमच्याकडचे ना? मुलाचे काका?"

"आमच्याकडचे नाहीत."

"आमच्याकडचेही नाहीत."

वीस माणसांनी एकाच वेळी वेळापत्रकवाल्यांकडे पाहिलं. आगाराच्या चौकशीतसुद्धा असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. मागचं दार चार पावलांवर होतं. पण आतून त्या मुलीचं मुसमुसणं ऐकू येत होतं, आणि ते उठून उभे राहिले.

"मी दर गुरुवारचं गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "मालकांबद्दल जे बोललो ते सुपाबद्दल होतं. कागद माझ्या बायकोसाठी होता. आणि हट्टी मुलगी म्हणालो, ती ही. माझी."

मुलीने हात वर केला. "खरं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मालकांना हळूच विचारलं, "म्हणजे हे आपल्या नात्यात येणार नाहीत?"

"नाही."

"लांबच्यासुद्धा नाही?" मुलीच्या आईने दारातून विचारलं.

"कधीच नाही," मालक म्हणाले. पंधरा वर्षांत ते प्रथमच इतकं ठाम बोलले.

डॉक्टरांनी असा सुस्कारा सोडला की समोरची फुलं हलली. मामा पुढे झाला, त्याने डॉक्टरांना मिठीच मारली. दोन्हीकडची माणसं हसू लागली, डोळे पुसू लागली. एक माणूस आपला कोणी लागत नाही, या आनंदात दोन घरं एक झाली आणि लग्न तिथल्या तिथे पक्कं झालं. वेळापत्रकवाल्यांना बरं वाटलं, आणि खूप वाईटही वाटलं.

"पण वाढायचं कोणी?" मुलीची आई म्हणाली. "आचारी नाही, माणसं वीस." सवयीने सगळ्यांची नजर खुर्चीतल्या बायकोकडे वळली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

वेळापत्रकवाल्यांनी मुलीच्या आईपुढे हात केला आणि एप्रन मागून घेतला.

आजींसाठी दुसरी गादी आणली. त्या बायकोच्या शेजारीच बसल्या, तिला उठूही दिलं नाही. "बस गं बाई. मी जन्मभर उठतच आले," त्या म्हणाल्या. मग मीठ हवं, वेळापत्रकवाले धावले. पाणी संपलं, तेच धावले. डॉक्टरांचा भात निवला, मामाला आणखी भाजी हवी झाली. मुलगी बोटांवर मोजत होती. बोटं संपली, तशी तिने त्याच कागदाच्या मागे रेघा मारायला सुरुवात केली, आणि तीन वाजता एकतिसावी रेघ मारली.

गोड यायला तीन दहा झाले. एप्रनवर रस्सा सांडलेला, अशा अवस्थेत ते आजींपुढे वाकले. आजींना ऐकू कमी यायचं, आधीचा प्रकार त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी चष्मा सावरून त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"हा नवीन दिसतो," त्या बायकोला म्हणाल्या. "हरकत नाही, शिकेल."

"हो," बायको म्हणाली, आणि न उठता तिने आपली वाटी पुढे केली. "आजच कामाला लागलाय."