चषकावरचं तेविसावं नाव

गुरुवारी दुपारी जेवता जेवता आप्पा म्हणाले, "जावईबापूंना ही भाजी आवडते का गं?" आणि बायकोच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थांबला.

थांबणारच. लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत आप्पांच्या तोंडून 'जावई' हा शब्द एकदाही निघाला नव्हता. ते त्याला 'चेंडूवाला' म्हणत. मुलगा फुटबॉल खेळून पोट भरतो हे एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण तो पडला बचावपटू. म्हणजे स्वतः गोल मारायचा नाही आणि दुसऱ्याला मारू द्यायचा नाही. दुसऱ्याची वाट अडवणं हा काय उद्योग झाला, असं म्हणून आप्पांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. लेक एकटी यायची, एकटी जायची, आणि निघताना आईकडे बघून नुसतीच हसायची.

आणि आज एकदम जावईबापू.

याचं कारण घराच्या पुढच्या खोलीत, आप्पांच्या दुकानात होतं. आप्पा धातूवर अक्षरं कोरत. देशातल्या वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा चांदीचा चषक दरवर्षी त्यांच्याकडे येई. चषक एकच, फिरता, बादलीएवढा खोल. सोबत लाखेनं बंद केलेलं पाकीट, पाकिटात चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव. ते नाव निवड समितीच्या अध्यक्षांना आणि आप्पांना, अशा दोघांनाच ठाऊक. चिठ्ठी वाचायची, जाळायची आणि समारंभ होईपर्यंत तोंड शिवून बसायचं. बावीस वर्षांत बावीस नावं कोरली, एकही फुटलं नव्हतं. कोरून झालं की चषक आतून-बाहेरून पुसून मखमली पिशवीत घालायचं काम बायकोचं. पण चष्म्याशिवाय तिला हातातली सुई दिसत नसे आणि चष्मा तिला कधी सापडत नसे, त्यामुळे तिच्याकडून आप्पांना धास्ती नव्हती.

त्या सकाळी आप्पांनी तेविसावं पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली आणि ते खुर्चीत बसले. मग पुन्हा वाचली. आपल्याच जावयाचं नाव. त्यांनी देवाला हात जोडले, चिठ्ठी जाळली आणि कोरणी उचलली. पहिल्या अक्षराआधी ते उठून घोटभर पाणी प्यायले, आणि मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात देखणं अक्षर काढलं.

आनंदाची एक अडचण असते. दुःख गिळता येतं, आनंद कितीही दाबला तरी कुठून तरी डोकं वर काढतो. आप्पांच्या पोटात गुपित नीट होतं, पण चेहरा काही ऐकेना. दुपारी भाजीवरून जावयाची आठवण निघाली. संध्याकाळी त्यांनी टीव्हीवर फुटबॉलचा सामना लावला आणि बचावपटू दिसला की मान डोलवू लागले. शेजारच्या शिक्षकांना बोलावून त्यांनी सांगितलं की गोल काय कुणीही मारतो, अडवायला अक्कल लागते. शिक्षक घाबरून लवकर घरी गेले.

शुक्रवारी सकाळी समितीची गाडी येऊन चषक घेऊन गेली. ती वळणाआड गेल्यावर बायकोनं लेकीला फोन लावला.

"तुझे आप्पा बरे नाहीत गं."

"काय होतंय त्यांना?"

"तुझ्या नवऱ्याचं कौतुक करतायत."

लेकीनं दबक्या आवाजात विचारलं, "ताप आहे?"

"ताप नाही. काल जावईबापू म्हणाले. दोनदा."

एवढं पुरे झालं. लेक आणि जावई सरावाच्या पिशव्यांसकट संध्याकाळी दारात हजर झाले. जावई दारातून आत येताना जरा वाकला, कारण तो कपाटासारखा उंच आणि रुंद होता. संघात त्याला 'भिंत' म्हणत. त्याला पाहून आप्पांचे डोळे भरून आले, आणि रडणारे आप्पा पाहून लेकीचा उरलासुरला धीर सुटला. तिनं त्यांना पलंगावर झोपवलं. आपल्याला काही झालेलं नाही, असं आप्पा सांगत राहिले. ते जितकं सांगत तितक्या उशा वाढत गेल्या. एवढ्या गडबडीत बायको मात्र चष्मा शोधत होती. कालपासून सापडत नाही म्हणाली.

शनिवारी दुपारी डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पायाला हातोडी मारून पाहिली. सगळं ठीक होतं. मग लेकीनं त्यांना बाजूला नेऊन आजाराचं लक्षण सांगितलं. डॉक्टर पंचवीस वर्षं या घरात येत होते, आप्पांचा स्वभाव जाणून होते. ते गंभीर झाले. एकदम स्वभाव बदलणं चांगलं नव्हे, आजचा दिवस जवळ माणूस हवं, असं म्हणून तेही खुर्ची ओढून बसले.

तेव्हा पायाशी बसलेला जावई म्हणाला, "मी आहे ना. मी आज कुठे जात नाही."

आप्पा ताडकन उठून बसले. "कुठे जायचं होतं तुम्हाला?"

"संध्याकाळी सहाला तो बक्षीस समारंभ. पाच जणांना बोलावलंय. पण बचावपटूला कोण देतं, आप्पा? पाचात नाव आलं तेच खूप. तुम्ही पडा."

आप्पांच्या डोळ्यांपुढे चषकावरची एक खरवडलेली जागा उभी राहिली. नऊ वर्षांपूर्वीचा विजेता सर्दी झाली म्हणून समारंभाला गेला नव्हता. नियम असा की जो हजर नाही त्याला बक्षीस नाही, ते पुढच्याला. ते नाव आप्पांनी स्वतःच्या हातांनी घासून काढलं होतं. आता तीन तासांचा रस्ता होता आणि घड्याळात दीड वाजला होता.

त्यांनी सगळे उपाय केले. पलंगावरून उतरून उठाबशा काढल्या, तर डॉक्टरांनी त्यांना धरून पुन्हा झोपवलं. जायलाच हवं, मोठा मान आहे, असं जावयाला गोडीनं समजावलं. पण जितकं गोड बोलत, तितकी लेक डोळे पुसत होती. जावई तर सासऱ्यांच्या प्रेमानं इतका विरघळला होता की त्यानं त्यांचे पाय चेपायला घेतले. नाव सांगावं, तर बावीस वर्षांचा शब्द मोडतो. न सांगावं, तर हेच नाव घासायची पाळी. घड्याळात दोनला पाच कमी.

आप्पांनी डोळे मिटले, देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि पाय झटकला.

"चेंडूवाले, उठा. तीन वर्षांत एक गोल नाही तुमच्या नावावर. मैदानात लोकांची वाट अडवता ती अडवता, आता माझ्या घरात येऊन माझाच पलंग अडवून बसलात? गाडी काढा आणि चालते व्हा. सहाच्या आत तिथे पोचला नाहीत तर या दारात पुन्हा पाऊल टाकू नका."

लेकीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "आप्पा, बरे झालात तुम्ही." डॉक्टरांनी नाडी न पाहताच बॅग बंद केली. जावयाचा चेहरा तर असा उजळला की पाहत राहावं. त्यानं पिशवी उचलली, दारातून वाकून बाहेर पडला, लेकही मागोमाग निघाली, आणि दोनच्या ठोक्याला गाडी सुटली.

सहा वाजता नवरा-बायको टीव्हीसमोर बसले. नाव पुकारलं गेलं. आप्पांनी दचकल्याचं सोंग केलं, पण ते फारसं जमलं नाही. 'भिंत' मंचावर आली, माइक तिच्या छातीपर्यंतच पोचत होता.

"मी इथे आहे, कारण आज दुपारी माझ्या सासऱ्यांनी मला घराबाहेर काढलं," जावई म्हणाला. "त्यांची तब्येत आता उत्तम आहे."

सभागृह हसलं. आप्पा मात्र पंच्याच्या टोकानं डोळे टिपत होते. पाहुण्यांनी मखमली पिशवी काढली, चषक झळाळला, जावयानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उलटा केला, आणि त्यातून काहीतरी निसटून त्याच्या नाकावर आपटून मंचावर पडलं. कॅमेरा जवळ गेला. काळ्या काड्यांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"हात्तिच्या, तिथे होय," बायको म्हणाली. "गुरुवारी आतून पुसताना पडला असणार."

आप्पांनी हळूहळू मान तिच्याकडे वळवली. "म्हणजे पुसताना चष्मा डोळ्यांवर होता?"

"तेवीसही वेळा होता."

"मग तुला ठाऊक होतं? आणि तरी डॉक्टरांना बोलावलंस? मला पलंगावर झोपवू दिलंस?"

"तीन वर्षं जावई या घरात आला नाही. कुणीतरी आजारी पडायलाच हवं होतं, आणि मला कामं होती."

"आणि तो गेलाच नसता म्हणजे?"

"गेलाच असता. हाकलायला तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

तेवढ्यात फोन वाजला. लेकीच्या मागून टाळ्यांचा गजर ऐकू येत होता. आप्पांनी फोन घेतला आणि जावयाला द्यायला सांगितलं. "कौतुक बेतानं करा," बायको कानात पुटपुटली, "नाहीतर डॉक्टर पुन्हा येतील."

आप्पांनी घसा खाकरला.

"चेंडूवाले, उद्या जेवायला या. चष्मा घेऊन." मग त्यांनी आवाज मुद्दाम चढवला. "आणि दारातून येताना वाका. चौकट नवी आहे."