बसलिंगप्पाच्या लॉरीचं सैल स्टेअरिंग

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उजवीकडे वळायचं असलं की बाकीचे मोटारवाले सात रस्त्याला पोचल्यावर वळत. बसलिंगप्पा पन्नास पावलं अलीकडे, तेलाच्या घाण्यापाशीच स्टेअरिंग फिरवायला सुरुवात करी. दोन्ही हातांनी तो ते गरागरा फिरवी, लॉरी मात्र नाकासमोर चाललेली. नवखा प्रवासी घाबरून त्याच्या तोंडाकडे बघे. जुने प्रवासी डोळे मिटून घेत. मग चौकात आल्यावर लॉरीला आपल्याला काहीतरी सांगितलं होतं ते आठवे आणि ती एकदाची वळे. कुणी काही बोललंच तर बसलिंगप्पाचं उत्तर ठरलेलं होतं.

"घाई कशाला करताय? तिला इचार करू द्या की!"

चौकाला रस्ते सातच होते, म्हणून चुकायला तरी काही मर्यादा होती.

बसलिंगप्पा माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे त्याचं मत ऐकायला मला त्याच्या घरी जावं लागत नसे. मी शाळेत गणित शिकवायचो. तो सोलापूर ते वळसंग अशी लॉरी चालवायचा. जाताना माणसं, येताना शेंगांची पोती, आणि कधीकधी पोत्यांवर माणसं. लॉरी अमेरिकेतून आली होती म्हणे. कुणा कंत्राटदाराने वापरून वापरून कंटाळल्यावर टाकली, ती याने घेतली. भोंग्याचा रबरी फुगा दाबला की तिच्यातून म्हातारं मेंढरू ओरडल्यासारखा आवाज येई आणि वाटेतली मेंढरं आपलंच कुणीतरी आलं म्हणून रस्त्यावर जमत.

स्टेअरिंग पहिल्यापासून थोडं ढिलं होतं. पण 'थोडं' या शब्दावर समाधान मानणारा माणूस तो नव्हे. कुंभारीच्या पुढे एक ओढा लागे. पावसाळ्यानंतर त्यातले धोंडे वर येत आणि लॉरीचं पोट त्यांवर घासे. दुसऱ्या कुणी धोंडे हलवले असते. याने लॉरी उचलली. सुताराकडून बाभळीचे चार ठोकळे करून घेतले, प्रत्येक जवळजवळ वीतभर उंच, आणि चाकांचे आस व त्यांवरच्या कमानी यांच्या मध्ये ते बसवून टाकले.

"आता वडा खालनं जाईल, मास्तर, आन् आमी वरनं!" मला बाहेर बोलावून त्याने दाखवलं.

लॉरी आमच्या गल्लीत उंटासारखी उभी होती. ओढा खरोखर खालून जाऊ लागला. लिंबाच्या फांद्या मात्र आत येऊ लागल्या. बायकांना चढता येईना, म्हणून बसलिंगप्पाने घरातला पूजेचा चौरंग लॉरीत ठेवला. थांबा आला की आधी चौरंग खाली उतरे, मग माणसं. एक म्हातारी चौरंगाला नमस्कार करून चढायची. पुढचा प्रवास बघता ते योग्यच होतं.

ठोकळे बसल्यापासून स्टेअरिंगने कमालच केली. आधी ते फक्त उशिरा ऐकायचं. आता खड्डा आला की लॉरी आपणहून डावीकडे वळायला लागली. हातातलं चाक अर्धं फिरेपर्यंत खालच्या चाकांना पत्ता नसे, आणि खालची चाकं मनाला येईल तिकडे गेली तरी हातातल्याला कुणी विचारत नसे. आमच्या शाळेचा कारभार साधारण असाच चालायचा, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. पण शाळा रस्त्यावरून धावत नव्हती.

मी एकदा त्याला म्हटलं, "बसलिंगप्पा, हे स्टेअरिंग एखाद्या मिस्त्रीला दाखवा."

"मिस्त्री काय सांगनार? लूज हाय म्हनून सांगनार. ते तर मलाबी ठाव हाय की!"

या बिनतोड युक्तिवादानंतर तो स्वतःच दुरुस्ती करी. दर रविवारी लॉरीखालून फक्त त्याचे पाय दिसत आणि कानडीत शिव्या ऐकू येत. शिव्या कानडीत देण्याचं कारण त्याने मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. गाडी परदेशी, तिला मराठी समजत नाही. कानडी समजतं का, असं विचारल्यावर तो रागावला. अशा रविवारनंतर सोमवारचा दिवस लॉरी बरी चाले. मंगळवारी तीच लॉरी, तोच चौक, तेच मिटलेले डोळे.

असं दोन वर्षं चाललं. आणि एके दिवशी सकाळी बसलिंगप्पा माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, चला. हुसेन मिस्त्रीकडं जायचंय."

मला वाटलं, अपघात झाला. तसं काही नव्हतं. लॉरी धडधाकट दारात उभी होती. मी येणार नाही हे सांगायच्या आत त्याने चौरंग खाली ठेवला.

हुसेन मिस्त्री वयाने मोठा, बोलायला कमी. त्याने लॉरीभोवती एक फेरी मारली, वर बघितलं आणि विचारलं, "ये क्या है, बसलिंगप्पा? लारी है की मचान?" मग तो खाली शिरला. थोड्या वेळाने एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. स्टेअरिंगकडून पुढच्या चाकांकडे जाणारा एक लांब दांडा असतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांमध्ये बसलिंगप्पाची दोन वर्षांची कारागिरी साठली होती. आधी चपलेच्या कातड्याचे तुकडे आले. मग जुन्या धोतराची चिंधी. मग तांब्याची तार, काथ्या, आणि शेवटी अर्धी सुपारी.

मिस्त्री सुपारी हातात घेऊन बाहेर आला. त्याने ती आधी मला दाखवली. मी सुशिक्षित दिसत असल्यामुळे जबाबदारी माझी असावी असं त्याला वाटलं.

"सुपारी टनक असती," बसलिंगप्पा म्हणाला. "आट दिस टिकती."

मिस्त्रीने मग दोष सांगितले. सांध्यातल्या लोखंडी गोळ्या झिजून बोरासारख्या झाल्यात. पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात ते खिळे हलतायत. स्टेअरिंगच्या पेटीतले दाते घासलेत आणि ती पेटी ज्या बोल्टांनी धरली आहे ते नुसतेच तिथे राहायला आलेत. एवढं सगळं नवं करता येईल. पण मुख्य दुखणं वेगळंच. लॉरी उचलल्यामुळे आडवा असायचा तो दांडा तिरका झाला. आता गाडी खड्ड्यात वरखाली झाली की तो दांडाच चाकं ढकलतो.

"लकडे निकालो," मिस्त्री म्हणाला. "नै तो मैं हात नै लगाता."

मी बसलिंगप्पाकडे बघितलं. या ठोकळ्यांवरून त्याने सुताराशी, सासुरवाडीशी आणि एका फौजदाराशी भांडण केलं होतं. उंच लॉरी हा वळसंगच्या रस्त्यावर त्याचा मान होता.

"काडा," तो म्हणाला.

बस्स, एवढंच.

परत येताना आम्ही पायी होतो. मी खोदून विचारलं तेव्हा कुठे कळलं. वळसंगला दिलेल्या त्याच्या मुलीला, महादेवीला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणायचं होतं.

महादेवी चार वर्षांची असताना तिची आई गेली. लोकांनी दुसरं लग्न सुचवलं, याने ऐकलं नाही. तिची वेणी घालायला कुणी नाही म्हणून हा दांडगा माणूस आमच्या घरी येऊन माझ्या आईपुढे बसला होता आणि सुतळीच्या तीन पदरांवर वेणी शिकून गेला होता. पुढे कित्येक वर्षं भिंतीपलीकडून रोज सकाळी "हलू नगं, हलू नगं" ऐकू यायचं. मुलगी सासरी गेल्यावर ते थांबलं, आणि त्याच सुमारास लॉरी आली. दोन्ही गोष्टी मी इतकी वर्षं वेगवेगळ्या मोजत होतो. गणिताच्या मास्तराला हे शोभत नाही.

मिस्त्रीने पंधरा दिवस घेतले. लोहाराकडून नवे खिळे घडवले, गोळ्या बसवल्या, पेटी उघडून तिचे दाते जुळवले, बोल्ट आवळले. ठोकळे काढल्यावर लॉरी पुन्हा लॉरीएवढी झाली. शेवटी मिस्त्रीने एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं आणि जरासं हलवलं. पुढची चाकं लगेच हलली.

"अब सुनेगी," तो म्हणाला.

ती ऐकू लागली, पण आता बसलिंगप्पालाच चालवता येईना. पहिल्याच दिवशी त्याने सवयीप्रमाणे घाण्यापाशी स्टेअरिंग फिरवलं, आणि लॉरी आज्ञाधारकपणे घाण्यात शिरली. बैल शहाणा होता, बाजूला झाला. घाणेवाल्याने जे काही ऐकवलं ते बसलिंगप्पाने मान खाली घालून ऐकलं आणि जाताना नमस्कार केला. त्याच्या स्वभावाशी हे इतकं विसंगत होतं की घाणेवालाच घाबरला.

मग सुरू झाला सराव. रोज सकाळी शाळेच्या आधी तो मला गावाबाहेरच्या माळावर नेई. लॉरीत गादी अंथरलेली. त्या गादीवर मी. माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या.

"मास्तर, तुमी म्हादेवी हाय असं समजा."

मी चाळीस वर्षांचा होतो आणि मला भरघोस मिशा होत्या. पण समजलो. खड्डा आला की तो ओरडून विचारी, "सांडलं का?" मी म्हणे, "सांडलं." तो पुन्हा वळून त्याच खड्ड्यावरून, आणखी हळू. आठवडाभर मी ओलं धोतर घेऊन वर्गात जात होतो. मुलं काय समजायचं ते समजली. नवव्या दिवशी तांब्यातलं पाणी हललं, पण सांडलं नाही. बसलिंगप्पाने लॉरी थांबवली, खाली उतरला आणि उपरण्याने तोंड पुसत उभा राहिला.

रविवारी सकाळी आम्ही वळसंगला गेलो. मला नेलं ते साक्षीदार म्हणून. स्टेअरिंग दुरुस्त झाल्याचं शिकल्या माणसाने सांगावं, अशी त्याची इच्छा होती. धुवट धोतर, कपाळाला भस्म, लॉरीत दोन गाद्या आणि उशाला लोड. सगळा रस्ता लॉरी अगदी सरळ गेली. मी डोळे उघडे ठेवून केलेला तो पहिला प्रवास.

व्याही इरप्पा सज्जन माणूस. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-शेंगा दिल्या, सगळं ऐकून घेतलं. मीही मिस्त्रीचं नाव घेऊन गोळ्यांपासून दात्यांपर्यंत सगळं सांगितलं. इरप्पा मान हलवत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "पावनं, राग मानू नगासा. पर सगळ्या वळसंगला तुमची गाडी ठाव हाय. आमची सून आमी बैलगाडीनं धाडतो."

मी पुढे बोलायला तोंड उघडलं, तर बसलिंगप्पाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो भांडेल, शिव्या देईल, निदान कानडीत तरी देईल, असं मला वाटत होतं.

"त्येंचं बराबर हाय," तो मला म्हणाला. "मीबी न्हाय धाडली असती."

त्याने स्वतःच लॉरीतल्या दोन्ही गाद्या उचलल्या आणि बैलगाडीत अंथरल्या, लोड नीट लावला. महादेवी बाहेर आली, बापाच्या पाया पडली. तिची सासू शेजारी बसली. इरप्पाने कासरा हातात घेतला.

मला वाटलं, आम्ही पुढे जाऊन घरी तयारी करू. बारा मैल, लॉरीला तासाभराचा रस्ता. पण बसलिंगप्पाने लॉरी बैलांच्या पुढे घातली आणि बैलांच्याच चालीने चालवायला लागला. इंजिन तापलं, पाणी उकळलं, थांबून नवं पाणी घातलं. स्टेअरिंग इतकं अचूक चालत होतं की त्याला दोन बोटं पुरत होती, आणि पाठीमागे बैलांच्या घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तो वळून पुन्हा पुन्हा बघत होता.

ओढ्याच्या अलीकडे रस्ता फारच फुटलेला होता. तिथे त्याने लॉरी कडेला लावली, खाली उतरला आणि चाकोरीतला एक दगड उचलून बाजूच्या रानात टाकला. मग दुसरा. मग एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी ढकलत नेला. वाकून वाकून तो ओढ्याच्या पात्रात उतरला. गुडघाभर पाण्यात हात घालून तळाचे धोंडे चाचपून काढू लागला. धुवट धोतराचा चिखल झाला.

बैलगाडी मागे येऊन थांबली होती. महादेवी पडदा बाजूला करून बघत होती.

"अप्पा, साकु!" ती म्हणाली. पुरे झालं, असं.

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो एकाच चाकोरीतले दगड काढत होता. गाडीला चाकं दोन असतात हे त्याच्या लक्षात येईपर्यंत दुपार झाली असती.

मी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि दुसऱ्या चाकोरीत उतरलो.