भंतेंच्या भुवया

या, पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही यावं. मोबाईल बंद केला नाही तरी चालेल, फक्त पालथा ठेवा. आज एका सिमकार्डाची कथा सांगतो. कार्ड नखाएवढं आहे, पण त्यात एक म्हातारी अडकली आहे, तेव्हा कान इकडे असू द्या.

आमच्या थाई मुलखातल्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलं की समोरच परदेशी पाहुण्यांच्या प्रीपेड सिमची खिडकी लागते. पाहुण्याला या देशात पहिल्या पावलापासून कोणतीही अडचण येऊ नये, असं त्या खिडकीचं अधिकृत धोरण आहे. धोरण काचेवर अनेक भाषांत चिकटवलेलं असल्यामुळे आत बसलेली मुलगी बाहेरून दिसत नाही.

एका दुपारी या खिडकीपुढे भंते तोंगइन येऊन उभे राहिले. जन्म इथलाच, रॉय-एत प्रांताकडच्या एका खेड्यातला. पण लहानपणी मावशीबरोबर डेन्मार्कला गेले, तिथलेच नागरिक झाले आणि तिथल्या थाई विहारात त्यांनी चीवर घेतलं. घेतलं ते आईसाठी. आमच्याकडे मुलगा भिक्षू झाला की आई त्याच्या चीवराचा काठ धरून स्वर्गाला जाते. आणि ही आई, बुआफान तिचं नाव, आता गावच्या घरी चटईवर निजून होती. डॉक्टरांनी संध्याकाळची आशा सोडा म्हणून सांगितलं होतं. गाव बसने दुसऱ्या दिवशी येणारं. तेव्हा धाकट्या बहिणीने आईच्या कानाला फोन धरायचा आणि भंतेंनी उतरल्याबरोबर सूत्र गायचं, असं ठरलं होतं. शेवटचा शब्द कानात बुद्धाचा पडावा आणि तो पोराच्या गळ्यातून पडावा, एवढंच त्या माउलीचं मागणं.

भंतेंचा डेन्मार्कचा नंबर इथे मुका झाला होता. विमानतळाचं वाय-फाय फुकट होतं. ते सुरू करायला इथल्या मोबाईल नंबरवर आलेला आकडा टाकावा लागे. नाण्यांचा फोनही होता, पण भिक्षूने पैशाला हात लावायचा नसतो. सुदैवाने तिकडच्या भक्तांनी सिमचे पैसे आगाऊ भरून कुपन हाती दिलं होतं. आता फक्त सिम घ्यायचं होतं.

"वंदन करते, भंते," खिडकीतली मुलगी म्हणाली. तिचं नाव इंग. "कुठला पॅक देऊ? 'किनारा-धमाल', 'मालिश-आराम' की 'रात्रभर जल्लोष'?"

"जो द्याल तो, ताई. भिक्षू निवडत नाही. पात्रात पडेल ते घेतो."

"ते बरोबर आहे हो, पण सिस्टिम घेत नाही. ग्राहकाने स्वतःच निवडायचं असतं. मागाहून तक्रार नको म्हणून."

"माझी तक्रार नाही."

"तसं नोंदवायलासुद्धा आधी पॅक निवडावा लागतो."

भंतेंनी डोळे मिटून पडद्यावर बोट ठेवलं. ते 'रात्रभर जल्लोष'वर पडलं. त्याबरोबर बिअरचं मोफत कुपन होतं आणि ते नाकारायची सोय नव्हती. बाईमाणसाने भिक्षूच्या हातात थेट काही द्यायचं नसतं, म्हणून इंगने बिअरचं कुपन स्वच्छ रुमालावर ठेवून आदराने पुढे सरकवलं. धर्म कुठेही मोडला नाही.

"आता चेहरा दाखवा. इथे, कॅमेऱ्यात."

पासपोर्टावरचा फोटो चीवर घेण्याआधीचा होता. त्यात दाट केस होते आणि नाकावर जवळजवळ भेटणाऱ्या जाड भुवया. आमच्याकडे भिक्षू डोक्याबरोबर भुवयाही उतरवतात. यंत्राने दोन्हींकडे पाहिलं आणि निर्णय दिला: जुळणी एकसष्ट टक्के. कृपया मूळ चेहरा सादर करावा.

"मूळ चेहरा हाच आहे," भंते म्हणाले.

यंत्राने पुन्हा पाहिलं. अठ्ठावन्न टक्के.

मागच्या रांगेत खळबळ उडाली. साक्षात भिक्षूच्या तोंडावरून आकडे निघत होते, असे आकडे लॉटरीला लागतात अशी आमच्याकडे श्रद्धा, आणि सोडत जवळ आली होती.

"एकसष्ट, अठ्ठावन्न! लिहून घे गं!"

"अठ्ठावन्न उलटं करून पंच्याऐंशीपण घे, मावशी."

"भंते, अजून एकदा बघा ना कॅमेऱ्यात! तीन आकडी असेल तर फारच बरं."

इंगने वरिष्ठांना बोलावलं. वितूनसाहेब आले, वाकून वंदन केलं आणि प्रकरण समजून घेतलं.

"भुवया कधीपर्यंत येतील, भंते?"

"पंधरवड्यात थोड्या दिसतात. पण पौर्णिमा आली की पुन्हा उतरवतो."

"मग आपण अमावास्येला यावं, हे उत्तम."

"साहेब, माझी आई संध्याकाळपर्यंतही नाही."

वितूनसाहेबांचा चेहरा खरोखर पडला. "फार वाईट झालं. आईंच्या नावावर इथलं सिम आहे?"

"आहे."

"मग काम झालं! त्यांना खिडकीवर घेऊन या. त्यांच्या चेहऱ्यावर देतो."

"साहेब, त्यापेक्षा तुमचाच फोन द्या ना त्यांना," इंग हळूच म्हणाली.

"आपले फोन कपाटात असतात, बाळ. ड्यूटी संपल्याशिवाय कपाट उघडत नाही, हे मी तुला सांगायचं?"

"आणि हा टेबलावरचा?"

"तो फक्त हेड ऑफिसला लागतो. आणि हेड ऑफिस उचलत नाही."

तेव्हा इंगने पर्समधून भुवयांची पेन्सिल काढली. पण तिने भिक्षूला हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून पेन्सिल वितूनसाहेबांकडे गेली. भिक्षूला शृंगार निषिद्ध आहे. औषध मात्र चालतं. "औषध म्हणून लावा," भंते म्हणाले. वितूनसाहेबांनी जीभ दातांत धरून पासपोर्टाबरहुकूम दोन भुवया रेखल्या. डावी जरा वर गेली.

यंत्र म्हणालं: वस्त्राचा रंग अग्राह्य. मग खिडकीवरचं कंपनीचं निळं जाहिरातीचं कापड उतरवून साहेबांनी न्हाव्यासारखं भंतेंच्या गळ्याखाली धरलं.

आता सगळ्यांचेच मोबाईल बाहेर निघाले, काहींचे तर थेट प्रक्षेपण करत. भंतेंना हवा होता एक फोन, आणि हातभर अंतरावर फोनांचं कडं पडलं होतं: सगळे चालू, सगळे भरलेले, सगळे त्यांच्या कपाळावर रोखलेले. पण ज्याने आपणहून 'काय हवं ते सांगा' म्हटलेलं नाही, त्याच्याकडे भिक्षू मागत नाही. तो पात्र घेऊन उभ्याने वाट पाहतो. समजायचं काम देणाऱ्याचं. भंते प्रत्येक फोनाकडे पाहत उभे राहिले. कुणाला समजलं नाही, कारण सगळ्यांचे हात गुंतलेले होते.

"इकडे बघा, भंते! जरा डावी भुवई उडवा!"

"अरे हसू नका रे, पाप लागेल," एक बाई हसता हसता म्हणाली आणि फोन आणखी जवळ नेला.

चौऱ्याण्णव टक्के. टाळ्या पडल्या. आकडा लिहून घेतला गेला. सिम फोनमध्ये बसलं आणि त्यावर पहिला संदेश आला: आपल्या जल्लोषाला सुरुवात झाली आहे!

भंतेंनी बहिणीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"दादा, तू कुठे आहेस? तू काय घातलंयस?"

"विमानतळावर आहे. फोन आईच्या कानाला लाव."

"आई आत्ता गेली, दादा."

मग तिने रडत रडत सांगितलं ते असं. शेजारची सीप्राई मोबाईल नाचवत धावत आली होती. 'काकू, डोळे उघडा, तुमचा तोंगइन सगळीकडे दिसतोय!' म्हणून तिने तो आईच्या डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर निळं कापड होतं, दोन जाड भुवया होत्या आणि माणसं खिदळत होती. बुआफानच्या मुठीत भंतेंनी पूर्वी पाठवलेला चीवराचा तुकडा होता. दोन दिवस तिने तो सोडला नव्हता. तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"भुवया आल्या याला," ती म्हणाली. "चीवर उतरवलं पोराने."

आणि मूठ उघडली.

भंतेंनी तरीही फोन आईच्या कानाला लावायला सांगितला आणि खिडकीपुढे उभं राहून आख्खं सूत्र गायलं. घामाने भुवया गालांवर ओघळल्या. गळा असा लागला होता की इंगने काचेमागे हात जोडले ते सोडले नाहीत. त्याचाही व्हिडिओ निघाला, पण तो फारसा चालला नाही. त्यात विनोद नव्हता.

पहिला मात्र देशोदेशी गेला. तुमच्याकडेही आला असेल. भुवईवर नाचरं संगीत घातलेला, तोच. तुम्ही हसलात, दोन-चार रडकी-हसरी तोंडं जोडलीत आणि पुढे पाठवलात. बोल लावत नाही. डावी भुवई खरंच वर गेली होती. तुम्ही पाठवलेला कुणी उघडला आणि कुणाच्या उशाशी उघडला, हे फोन सांगत नाही.

फक्त एवढं करा. आज देवापुढे बसाल तेव्हा रॉय-एतकडच्या बुआफानची आठवण काढा. आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगा: आजी, पोराने चीवर उतरवलं नव्हतं. त्या भुवया पेन्सिलीच्या होत्या.